रेंगनिसचं बटण

बसा रे, आतल्या पोरांचा सरावाचा तास संपायला अजून अर्धा तास आहे. कॉफी घ्या. आणि मघाशी जे बोललात, की गाणाऱ्या पोरीचा आवाज खालीच ठेवा, कुणाला कळतोय, ते माझ्यासमोर पुन्हा नको. असंच बोलणाऱ्या एका माणसाचं काय झालं ते सांगतो. खोटं वाटलं तर फळीवर तो पत्र्याचा डबा आहे, नंतर बघा.

इवा माझ्या चांगल्या ओळखीचा. सहा वर्षं माझ्या या आतल्याच खोलीत त्याचा ‘बिंतांग बासाह’ बँड सराव करायचा. ओला तारा! नावच तसलं. तिघंच जण: इवा गिटारवर, दुदुंग ड्रमवर आणि गायला रेंगनिस. माना खाली, नजर पायाशी ठेवलेल्या गिटारच्या पेडलांवर, आणि आवाज असा, की डोक्यावरून विमान चाललंय आणि काही केल्या जात नाही. अख्ख्या बांडुंगमध्ये त्यांना ऐकणारी दीडशे माणसं असतील नसतील, पण त्या दीडशेंचा जीव होता त्यांच्यावर. शंभर कॅसेटी काढल्या, वेष्टनं हातानं चिकटवून. मूळ टेप मात्र एकच. एक गाणं झालं की ते पुसून त्याच टेपवर दुसरं. त्यामुळे कुणाचाच आवाज सुटा असा उरला नाही.

रेंगनिस इवाला थोरल्या भावासारखं ‘कांग’ म्हणायची. तिचं एकच मागणं असायचं. “कांग, माझा आवाज जरा वर घे ना.”

इवाला ते पटत नसे. आवाज धुक्यात हरवलेलाच बरा, असं त्याचं मत. पण रोज वाद कोण घालणार? त्यानं बिस्किटाच्या छोट्या डब्यावर एक ते दहा आकड्यांचं बटण बसवलं आणि त्याची वायर टेबलामागे नेऊन सोडून दिली. कशालाच जोडली नाही. वर तिला म्हणाला, हा घे तुझा आवाज, हवा तेवढा वाढव. ती बिचारी बटण पिळायची, कान द्यायची आणि विचारायची, “आता येतंय ना ऐकू?” दोघं मान डोलवायचे. ती बाहेर गेली की दुदुंगची हसून हसून पुरेवाट. बँड मोडला तरी तिला याची कानोकान खबर नव्हती. मला होती. मीही कधी बोललो नाही.

पुढं पंधरा वर्षांनी, २०१९च्या ऑक्टोबरात, ती डेंग्यूनं गेली. चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना शुक्रवारी होती. तिची आई एन्तिन इवाकडे आली. रेंगनिस तिला एमा म्हणायची, म्हणून आम्हीही एमाच म्हणतो. घरी बापाच्या धाकानं पोरीनं कधी गुणगुणलंही नव्हतं. एमानं कॅसेट कानाला लावलेली, नुसती घरघर. ती इवाला म्हणाली, “सहा वर्षं गायली म्हणता. मग कुठंय रे ती यात?”

इवा खाली बघत राहिला. पायाशी तेव्हा पेडलंही नव्हती.

चौदा नोव्हेंबर, गुरुवारची रात्र. गुरुवारच्या रात्री गेलेली माणसं घरी फिरकतात, ते तुम्हाला सांगायला नको. मी त्याला किल्ली दिली आणि घरी गेलो. पुढचं त्यानंच मला सांगितलेलं.

एकीकडे जुनी कॅसेट लावली, दुसरीकडे कोरी. आवाज थोडा तरी मोकळा झाला तर एमासाठी भरून घ्यायचा, एवढंच काम. त्यानं मिक्सरवर गिटार दाबून पाहिली, तिचा आवाजही दबला. गिटार सोडली, आवाज बुडाला. साडेअकरा वाजले. शेवटी टेबलावर डोकं टेकून तो म्हणाला, “निस, माझ्याच्यानं होत नाही गं. मीच बुडवलं तुला.”

कॅसेट चालूच होती.

फळीवर काहीतरी… करकरलं.

त्यानं मान वर केली. बँड मोडल्यापासून तिथंच पडलेला तो डबा. बटण दोनवर होतं. त्याला वाटलं, दोनवरच असेल. मग ते तीनवर आलं.

आवाज किंचित वर आला.

चार. हात मिक्सरवर नव्हता… दोन्ही हात मांडीवर होते. पाच. गिटार मागं सरली. सात. ड्रम नाहीत. आठ…

आणि सहा वर्षं शेजारी उभं राहून जे शब्द त्याला माहीत नव्हते, ते कळले.

“एमा, कडी लावू नको… मला यायला उशीर होईल.”

नऊ.

दहा.

गाणं संपलं. टेप फिरत राहिली. खोलीत श्वास एकाचाच होता. मग, अगदी कानाशी…

“कांग… आता येतंय ना ऐकू?”

त्यानं नुसती मान डोलवली. या वेळी खरी.

शुक्रवारी प्रार्थना झाल्यावर त्यानं नवी भरलेली कॅसेट लावली. सगळ्यांनी ऐकली. एमा रडली नाही. गाणं अर्ध्यावर असताना उठली, दाराकडे गेली आणि कडी काढून आली. अजून रात्री लावत नाही ती.

डबा इवानं माझ्यासमोर उघडला. आत काही नाही. वायरही कधीच गंजून तुटलेली. बटण मात्र दहावर.

घे, तूच घे हातात, गिटारवाल्या. जोर लाव. मी पकड लावून पाहिली, इवानं हातोडी घेऊन पाहिली.

फिरव की उलटं… एकवर आणून दाखव.