जोडसायकलची मागची सीट

लीड्समधल्या त्या गल्लीत मंजिरी टिपणीस रागीट म्हणून कधीच ओळखली जात नव्हती. तिचा चढा आवाज शेजारच्या नंदानंसुद्धा कधी ऐकला नव्हता, आणि नंदाच्या कानांतून त्या गल्लीतलं सहसा काही निसटत नसे. पण चौऱ्याण्णव सालच्या सप्टेंबरातल्या एका रविवारी मंजिरीनं गॅरेजचं दार धाडकन उघडलं आणि म्हणाली, "नंदा, गाडी काढ. हे लोढणं आज मी समुद्रावर नेऊन संपवते."

लोढणं म्हणजे सायकल. दोघांनी मिळून चालवायची, एकामागं एक बसून. टँडेम.

ती आणली होती मंजिरीच्या नवऱ्यानं, उदयनं. डेन्मार्कमधल्या दोन बंदरांना जोडणाऱ्या समुद्रकाठच्या सायकलवाटेचं पोस्टर त्यानं कुठंसं पाहिलं आणि वेडाच झाला. डेन्मार्क काही जमलं नाही, मग इथल्याच यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरचं स्कारबरो ते व्हिट्बी ठरलं. तिथं जुन्या रेल्वेचे रूळ उखडून कड्याकड्यानं वाट झाली आहे. ठरवलं अर्थात त्यानंच. भिंतींचा रंग त्यानं ठरवायचा, मुलीची शाळा त्यानं ठरवायची, मंजिरीनं नोकरी कधी सोडायची तेही त्यानंच. सरावाला पार्कात नेलं तेव्हा तिला मागं बसवून म्हणाला, "मागच्यानं विचार करायचा नसतो. फक्त पाय फिरवायचे."

त्या दिवशी ती उतरली ती पुन्हा त्या सीटवर बसली नाही. आख्ख्या संसारात तेवढी एकच गोष्ट तिनं नाकारली.

मग एप्रिलमध्ये उदय गेला. बसल्या जागी, हार्ट अटॅकनं. दहाव्याचा पिंड गॅरेजच्या सपाट छपरावर ठेवला. यॉर्कशायरमध्ये कावळ्यांना तोटा नाही. एक आला, समोरच्या धुराड्यावर बसला आणि मान वाकडी करून बघत राहिला. शिवेना काही. मुलगी सीमा रडत म्हणाली, "बाबा, आईला मी बघेन." कावळा ढिम्म. भुरभुर पाऊस सुरू झाला, लोक चुळबुळायला लागले, आणि नंदाला काही राहवेना. तिनं पुढं होऊन हात जोडले. "उदयराव, मंजिरी बसेल हो सायकलवर! तुमच्याबरोबर येईल. मी शब्द देते!"

कावळा झेपावला तो थेट पिंडावर.

लोकांनी सुटकेचे श्वास टाकले, डोळे पुसले. मंजिरीच्या मस्तकात मात्र सणक गेली. मेल्यावरसुद्धा ह्या माणसानं हवं ते करून घेतलंच. आणि माझ्या वतीनं शब्द देणारी ही कोण टिकोजी?

तेव्हापासून दर रविवारी सकाळी गॅरेजमधून आवाज यायचा. टिक टिक टिक टिक... पाय थांबवल्यावर सायकलचं चाक मोकळं फिरतं ना, तसा. दार उघडावं तर चाक जागच्या जागी, आणि नाकात लवंगेचा वास. उदय सायकल चालवताना लवंग चघळायचा.

मंजिरीला घर विकून ब्रिस्टलला जायचं होतं. सीमाच्या जवळ, पण स्वतःच्या फ्लॅटमध्ये. पडदे आपल्या पसंतीचे. एवढीच तिची उरलेल्या आयुष्याकडून अपेक्षा होती. पण घर बघायला येणारी माणसं गॅरेजपाशी आली की गप्प व्हायची आणि पुन्हा तोंड दाखवायची नाहीत.

"आई, ते सायकल कचऱ्याच्या स्किपमध्ये टाक ना," सीमा फोनवर म्हणाली. "इट्स जस्ट क्रीपी."

"टाकली होती गं. सकाळी परत दाराला टेकवलेली."

म्हणून मंजिरीनं ठरवलं, दिलाय ना शब्द? एकदा फिरवते आणि मोकळी होते.

स्कारबरोच्या रस्त्यावर, टपावर ती लांबलचक सायकल बांधलेल्या गाडीत, नंदा चाचरत म्हणाली, "माझ्यावर चिडलीयेस तू."

"मग काय आरती ओवाळू तुझी?"

"अगं, पिंड तसाच राहिला असता तर? मी आपलं चांगल्यासाठीच..."

"तुझं चांगलं नेहमी दुसऱ्याच्या घरात असतं, नंदा."

नंदानं गिअर बदलला. मग हळूच म्हणाली, "एकटीला झेपेल का तुला ती?"

"पुढं बसणार आहे मी. पहिल्यांदाच."

"मी व्हिट्बीच्या धक्क्यावर थांबते. तुझ्यासाठी चिप्स घेऊन ठेवते, व्हिनेगर जास्त घालून."

सुरुवात तशी छान झाली. ऊन होतं, कडेला ब्लॅकबेरी पिकली होती, कुत्री फिरवायला आलेले लोक ती रिकामी मागची सीट पाहून हसत होते. पायाखाली जुन्या रेल्वेची काळी खडी करकरत होती आणि उजव्या हाताला, खाली, समुद्र. मंजिरीला राग आला तो याचाच, की वाट खरोखर सुंदर होती. नीट विचारलं असतं, तर आले असते की मी.

पुढं रेव्हन्सकारचा चढ लागला. मंजिरीला धाप लागली, मांड्या भरून आल्या. आता उतरून ढकलावी, असं मनात येतंय तोच चढ सोपा झाला. तिला वाटलं, सपाटी आली. समोर पाहिलं, तर वाट तशीच वर चढत होती.

तेवढ्यात समुद्रावरून धुकं आलं. त्या किनाऱ्यावर ते असंच येतं, भर दुपारी, कुणी ओली चादर टाकावी तसं. कुत्री नाहीत, माणसं नाहीत. समुद्रसुद्धा नुसता ऐकू येणारा. चाकांची करकर... आणि त्या करकरीत मिसळलेला कुणाचा तरी श्वास. लयीत. तिच्या मानेच्या जरासा मागं.

लवंगेचा वास आला.

मंजिरीनं पाय थांबवले. जोडसायकलचे दोन्ही पायडल एकाच साखळीनं बांधलेले असतात. एकानं थांबवले की दुसऱ्याचेही थांबतात. पण थांबले नाहीत. पायडलनी तिची पावलं उचलली आणि फिरवत नेली, लहान मुलाचे हात धरून टाळ्या वाजवायला लावाव्या तशी.

"अहो..." ती पुटपुटली. "अहो, पुरे..."

मागून फक्त लवंग दाताखाली फुटल्याचा आवाज.

आता उतार होता. वेग वाढत चालला. तिनं दोन्ही ब्रेक दाबले. रबर किंचाळलं, पण मागचं वजन पुढं लोटतच राहिलं. धुक्यात वाट डावीकडं वळलेली तिला दिसली. हँडल वळेना. समोर तारेचं कुंपण, आणि त्यापलीकडं नुसता लाटांचा आवाज, खूप खोल.

तेव्हा तिची भीती जळून गेली हो. उरला तो निव्वळ संताप, इतक्या वर्षांचा, तळाशी साचलेला.

"उतर!" ती ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं नवऱ्याला एकेरी हाक मारली. "उतर माझ्या सायकलवरून! मी शब्द दिला नव्हता, कळलं? मला कुणी विचारलं नव्हतं! जिनं दिला तिच्याकडं जा!"

श्वास थांबला.

सायकल एकदम हलकी झाली. ब्रेक करकचून लागले आणि मंजिरी कुंपणाच्या अलीकडं नेच्यांच्या झुडपांत कोसळली. उठून तिनं मागं पाहिलं. हँडल, साखळी, तिची स्वतःची सीट, सगळ्यावर धुक्याचे थेंब जमले होते. मागची सीट तेवढी कोरडी होती.

उरलेली वाट तिनं एकटीनं कापली. पाय दुखत होते आणि ते दुखणं तिचं स्वतःचं होतं. चढ चढासारखे लागत होते. रडायला येत होतं की हसायला, तिला कळेना. व्हिट्बी येईपर्यंत धुकं विरलं. बंदरात होड्या डुलत होत्या, सीगल कलकलत होते. मंजिरीच्या डोळ्यांसमोर ब्रिस्टलचा फ्लॅट दिसायला लागला होता, पिवळ्या पडद्यांसकट.

नंदा धक्क्यावरच्या बाकावर बसली होती. मांडीवर चिप्सचा कागद, अजून न उघडलेला.

"आलीस बाई!" ती म्हणाली. "झाली का सुटका?"

"झाली." मंजिरीनं सायकल खांबाला टेकवली. मघाच्या बोलण्याची आता तिला लाज वाटत होती. "नंदा, सकाळी मी जरा जास्तच..."

बाकाखाली नंदाचे पाय हलत होते. एक गुडघा वर, दुसरा खाली. संथ. एका लयीत.

"थंडी वाजतेय का तुला?" मंजिरीनं विचारलं.

"नाही गं. मघाशी समुद्रावर धुकं आलं ना, तेव्हापासून हे असं." नंदा हसायला गेली, पण ओठ थरथरले. "मला काही सायकल येत नाही, ठाऊकाय ना तुला? गंमतच आहे... पण मंजिरी, थांबतच नाहीत गं..."

"उतर," मंजिरी दबक्या आवाजात म्हणाली. मग जोरात, "उतर!"

धक्क्यावरच्या लोकांनी वळून पाहिलं.

मंजिरी गुडघ्यांवर बसली. तिनं नंदाचे दोन्ही घोटे घट्ट धरले, अंगातलं सगळं बळ लावून दाबले. क्षणभर ते अडले. आणि मग तिच्या दोन्ही हातांना सोबत घेऊन पुन्हा फिरू लागले.