नीलशेंडीला रस्ता आवडतो का?

डांबराच्या रस्त्यावर जीव जडलेली वनस्पती कुणी पाहिलीय? शलाकानं तरी पाहिली नव्हती. पण आत्याच्या नकाशावर नेमकं तेच दिसत होतं. खैरघाटाचा रस्ता डोंगरातून जसा वळत गेला होता, तसे हिरवे ठिपके त्याच्या दोन्ही कडांनी वळत गेले होते. नीलशेंडी सापडायची शक्यता जिथं जास्त, तिथं हिरवा ठिपका. बाकी डोंगर पांढराफटक.

"आत्या, नीलशेंडीला रस्ता का गं आवडतो?"

"आवडतो म्हणून आवडतो," टिकोजी मध्येच म्हणाला. "माझ्याकडे शंभर वर्षांच्या नोंदी आहेत. तुझ्याकडे काय आहे?"

टिकोजी म्हणजे सह्यगिरी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचा यंत्रमानव. पाय चार, पाठीवर पडदा, आणि तोरा असा, की सह्याद्री जणू यानंच उभा केला!

साल होतं २०६१. या विद्यापीठात संशोधकाची जागा हवी असेल, तर मुलाखतीत गोड बोलून भागत नसे. उमेदवाराला दोन झेंड्या मिळत. जिथं आजवर कुणी पाहिलं नाही अशा ठिकाणी 'ही वनस्पती इथं सापडेल' असं सांगून झेंडी रोवायची, आणि निवड समितीनं स्वतःच्या पायांनी जाऊन बघायचं. सापडली तर जागा तुमची. नाही सापडली तर नमस्कार!

वैजयंतीआत्यानं आजवर तासिकांवर शिकवून दिवस काढले होते. वयाची अट पुढच्या महिन्यात ओलांडणार होती. म्हणजे ही संधी गेली की गेली.

आणि पहिली झेंडी सकाळीच वाया गेली होती. टिकोजीनं सांगितलेल्या वळणावर नीलशेंडी औषधालासुद्धा नव्हती. समितीच्या प्रमुख कर्णिकबाई वाकून बघत म्हणाल्या होत्या, "टाकळा दिसतोय, वैजयंती. छान वाढलाय हो."

आता समिती टपरीवर भजी खात होती, आणि आत्या दुसरी झेंडी मांडीवर घेऊन बसली होती. चहा निवत चालला होता.

शलाका नकाशाकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "आत्या, आजी म्हणते, आपल्या घरात उंदीर फक्त स्वयंपाकघरात आहेत."

"उंदरांचं काय मध्येच?"

"अगं, आजी दिवसभर स्वयंपाकघरातच असते! माळ्यावर चढून कोण बघतंय?"

आत्याचा पेला ओठांपाशीच थांबला.

"शलाके! नोंदी करणारे गाडीनं आले, रस्त्याकडेला उतरले, चार पावलं हिंडले आणि परत गाडीत बसले. आणि मी शहाणी, त्यांच्या गाडीचा रस्ता नीलशेंडीच्या नावावर खपवतेय! याला पाहणीचा कल म्हणतात (जिथं जाणं सोपं तिथंच पाहिल्यामुळे माहिती एका बाजूला झुकणं). टिकोजी, घाटातल्या बाकीच्या सगळ्या वनस्पतींच्या नोंदी दाखव."

पडद्यावर हजारो ठिपके उमटले. सगळे रस्त्याच्या कडेनं.

"सगळ्यांनाच रस्ता आवडतो?" शलाकानं विचारलं.

"सगळ्यांनाच," टिकोजीचा आवाज पहिल्यांदाच पडला. "हे काही बरं दिसत नाही."

"अरे, रस्ता आवडतो तो माणसांना!" आत्या उठून उभी राहिली. "आता प्रश्न बदलू. माणसांनी ज्या जागा पाहिल्या, त्यांतल्या कुठं नीलशेंडी भेटली, आणि कुठं दुसरीच झाडं भेटली? या दोन जागांत फरक काय?"

"रस्ता तर दोन्हीकडे आहे," शलाका म्हणाली. "मग तो फरक नाही."

"शाबास! तो गेला. उरलं काय?"

टिकोजी घुरघुरला. "सपाट कातळ. त्यावर बोटभर माती. पावसाचं पाणी साचतं आणि हळूहळू ओसरतं. धुकं भरपूर."

"हा तिचा खरा अधिवास (जिथं वनस्पती सुखानं नांदते ती जागा). आता अशी जागा डोंगरभर शोध. रस्ता असो वा नसो."

नकाशा हलला. रस्त्याकडेचे बहुतेक ठिपके फिके पडले आणि डोंगराच्या पाठीवरचा गव्याचा सडा (कातळाचं सपाट पठार) गर्द हिरवा झाला.

"पण तिथं रस्ता नाही," टिकोजी म्हणाला.

"म्हणूनच!" दोघी एकदम ओरडल्या.

समितीला चढण काही मानवली नाही. एकाचा बूट चिखलात रुतला, एकाला घरची कामं आठवली. कर्णिकबाई धापा टाकत म्हणाल्या, "वैजयंती, वर काही नसलं, तर उतरताना माझ्याशी बोलू नकोस."

वर पोचले तर नुसतं धुकं. हातभर लांबचं दिसेना. टिकोजी नकाशा पुन्हा पुन्हा तपासू लागला.

मग वारा सुटला. धुकं पडद्यासारखं सरकलं, आणि सगळा सडा निळाभोर! एकेका देठावर इवलासा निळा तुरा, आणि असे तुरे पार कड्यापर्यंत.

"आत्या, झेंडी कुठं रोवू?" शलाका रडकुंडीला आली. "जिथं काठी टेकवावी, तिथं नीलशेंडीच आहे!"

शेवटी तिनं झेंडी दोन्ही हातांनी उंच धरली. कर्णिकबाईंनी बूट काढून हातात घेतले, तुरे तुडवले जाऊ नयेत म्हणून.

"सोमवारी रुजू व्हायचं," त्या आत्याला म्हणाल्या. "आणि तासिकांवरचं ते उशिरा येणं इथं चालायचं नाही!"

आत्यानं शलाकाला उचलूनच घेतलं.

खाली बघत टिकोजी हळूच म्हणाला, "पांढरं म्हणजे 'नाही', असं मी धरलं होतं. ते चुकलं." त्यानं नकाशात नवा रंग भरला. पिवळा, म्हणजे 'अजून कुणी पाहिलं नाही'. बघता बघता जवळजवळ सगळा सह्याद्री पिवळा झाला.

"एवढं बघायचं राहिलंय?" शलाका म्हणाली.

"एवढं," आत्या हसली. "आणि उन्हाळे वाढले की नीलशेंडीला पुढं कुठं आसरा मिळेल, तेही याच रीतीनं आधी शोधून ठेवायचंय. तू मोठी हो लवकर."

घरी पोचल्यावर शलाकानं चपला काढायच्या आधी माळ्याला शिडी लावली. वर काय दिसलं ते विचारू नका. दुसऱ्याच दिवशी आजीनं मांजर आणलं.