रिकाम्या घराची राखण

शर्वाणीचं घोडदळ खिंडीच्या तोंडाशी थबकलं आणि काही केल्या पुढे सरकेना. शत्रूचे धनुर्धर दोन्ही बाजूंच्या टेकाडांवर होते. मधली वाट मात्र मोकळी होती. चालगुणही (एका पाळीत पथकाला किती चालता येईल त्याचं माप) शिल्लक होते. मग घोडी अडली कशाने?

"आत्या, तुझा खेळ बिघडलाय!"

मीनलआत्या कोकणातल्या एका सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, वणवा-संशोधन केंद्र चालवत असे. शर्वाणी सुट्टीत तिच्याकडे आली होती. आत्याने पडद्याकडे पाहिलं.

"बिघडलेला नाही. पटावरची ही षटकोनी घरं बघ. मोकळ्या रानात एका घराला एक चालगुण लागतो, झाडीत दोन, चढणीला तीन. शिवाय प्रत्येक पथकाचा धाक त्याला लागून असलेल्या सहाही घरांवर असतो. ते त्याचं धाकक्षेत्र. शत्रूच्या धाकक्षेत्रात पाऊल पडलं की चाल तिथेच संपते."

"म्हणजे रिकाम्या घराचीही कोणीतरी राखण करत असतं?"

"अगदी तसंच."

"आणि लढाईत?" शर्वाणीने विचारलं.

उत्तर कोपऱ्यातून आलं. तिथे तुषार उभा होता. वणव्याशी झुंजणारं ते चार पायांचं यंत्र सुट्टीभर तिच्याशी हा खेळ खेळत आलं होतं. "उंचावर किंवा आडोशाला असलेल्याला इजा कमी होते. जखमी पथकाचा मारही दुबळा होतो. आणि एकदा वार केला की त्या पाळीत हलता येत नाही. म्हणून वार करण्याआधी उभं कुठे राहायचं ते ठरवावं."

तेवढ्यात भोंगा वाजला.

सड्यावरचं वाळलेलं गवत पेटलं होतं आणि वारा खालच्या वाडीकडे वाहत होता. वाडीतली माणसं गाड्यांत चढत होती, पण सगळी निघायला वेळ लागणार होता. भिंतीवरच्या मोठ्या नकाशावर आत्याने षटकोनी घरं आखली. ओढा आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये सहा घरांची फट होती. आग तिथूनच उतरणार होती.

"फट सहा घरांची आणि यंत्रं दोनच," आत्या पुटपुटली. "बाकीची पलीकडच्या डोंगरावर गेलीत."

शर्वाणी नकाशापाशी गेली. "आत्या, प्रत्येक घरात यंत्र कशाला हवं? फवारा शेजारच्या घरापर्यंत पोचतो ना? मग एक दुसऱ्या घरात, एक पाचव्यात. दोघांच्या धाकात सहाही घरं येतात."

आत्याने नकाशावरच्या त्या दोन घरांवर बोट ठेवलं. मग तिचा चेहरा उतरला. "दुसऱ्या घरात कातळ आहे, तिथे यंत्र तगेल. पाचव्यात नुसतं गवत आहे. आडोसा काहीच नाही."

"तिथे मी जातो," तुषार म्हणाला.

"परत येता येईल तुला?" शर्वाणीने विचारलं.

"पाणी पुढे मारायचं की वळून मागे फिरायचं, एका वेळी एकच जमेल. मी पाणी मारीन."

आत्याने डोळे मिटले आणि हुकूम दिला.

दोघी पडद्यावर बघत राहिल्या. आग आली आणि फटीपाशी अडली. झळीगणिक तुषारचं बळ घटत होतं, फवारा तोकडा होत होता, पण तो शेजारच्या घरांवर पाणी मारतच राहिला. वाडीतली शेवटची गाडी रस्त्याला लागली. थोड्या वेळाने धूर विरळ झाला. कातळावरचं यंत्र परतलं. तुषारकडून मात्र काही उत्तर आलं नाही.

शर्वाणी खूप रडली. "मीच त्याला तिथे पाठवलं."

"हुकूम माझा होता," आत्या म्हणाली. "तू वाट दाखवलीस, तो तिच्यावरून गेला. वाडीतली माणसं आज जिवंत आहेत. खेळात सोंगटी उचलून बाजूला ठेवतात. खऱ्या रानात तसं होत नाही. म्हणून तर आधी पटावर हरून घ्यायचं असतं."

दुसऱ्या दिवशी शर्वाणी आपणहून आत्याच्या टेबलापाशी आली.

"वार केल्यावर हलता येत नाही, हा नियम यंत्रांसाठी बदलता नाही का येणार?"

"कसा?"

तिने कागद ओढला. चार पाय काढले, पोटात पाण्याची टाकी काढली. मग थोडा विचार करून फवाऱ्याचं तोंड तिने पाठीमागे काढलं.

"आता आगीकडे पाठ करून हे चालत सुटेल," ती म्हणाली, "आणि पाणीही मारत राहील."

आत्याने कागद बराच वेळ निरखला आणि पेन्सिल उचलून टाकीची मापं लिहायला घेतली.