लव्हाळ्यांचा वाफा

"माझा वाफा कुणीतरी मारला," बाई म्हणाल्या आणि मग खुर्चीत बसल्या.

कोपऱ्यात पेपर वाचणाऱ्या मास्तरांनी चष्मा वर सरकवून विचारलं, "भाजीचा का?"

बाई हसल्या नाहीत. टिटवीने मास्तरांकडे नुसतं पाहिलं, तसे ते पुन्हा पेपरात शिरले.

टिटवी हे तिचं शाळेत पडलेलं नाव. पुढे ती खासगी तपासाची कामं घेऊ लागली, तेव्हा तेच नाव दारावरच्या पाटीवर चढलं. मास्तर तिच्या वारलेल्या बहिणीचे यजमान. आयुष्यभर शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. घर खायला उठतं म्हणून ते तिच्याबरोबर हिंडायचे.

बाई विद्यापीठात वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. तिथल्या शाश्वत विकास केंद्रात त्या, त्यांचे इंजिनीअर यजमान आणि एक अर्थतज्ज्ञ मिळून एकच अभ्यासक्रम शिकवायचे. त्याचा सगळा डोलारा एका वाफ्यावर उभा होता. वसतिगृहामागे खडी भरलेला लांबलचक वाफा आणि त्यात दाट लव्हाळी. आंघोळीचं, धुण्याचं पाणी एका टोकाने आत जायचं, मुळांमधून गाळलं जायचं आणि दुसऱ्या टोकाच्या नळीतून स्वच्छ होऊन तळ्यात पडायचं. त्यावर बाईंनी निबंध लिहिले होते, मुलांनी प्रबंध. दूरदूरचे पाहुणे येऊन बघून गेले होते.

आता तज्ज्ञांची समिती यायची होती. अभ्यासक्रम चालू ठेवायचा की नाही, ते तीच ठरवणार होती. आणि लव्हाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत वाळली होती.

"पोलीस म्हणतात, गवत वाळलं यात गुन्हा कसला," बाई म्हणाल्या. "गवत नाही हो ते. माझं अर्धं आयुष्य आहे."

दुपारी टिटवी आणि मास्तर वाफ्यापाशी पोचले. पिवळ्या काड्या वाऱ्यावर खरखरत होत्या. खडीवर पांढरट साय धरली होती. टिटवीने एक खडा उचलून जिभेला लावला. खारट. पाण्याचा जडपणा घालवायला वसतिगृहाच्या बॉयलरखोलीत मिठाची पोती असतात, असं बरोबर आलेल्या बाईंनी सांगितलं. त्या खोलीला कधी कुलूप नसायचं. म्हणजे मीठ कुणालाही नेता आलं असतं.

मग टिटवी तळ्याशी गेली. नळीतून पाण्याची धार पडत होती. तिने ओंजळभर पाणी चाखलं आणि थुंकून टाकलं. खाली मासे निवांत फिरत होते. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

मास्तर पाय दुखतात म्हणून जमिनीतल्या एका लोखंडी झाकणावर टेकले होते. उठले तेव्हा पँटला मागे काळं ग्रीस लागलेलं. कवायतीच्या मास्तराला हे फार लागलं. केंद्राच्या इमारतीपर्यंत ते त्यावरच बोलत होते.

अर्थतज्ज्ञ आपल्या खोलीत भेटले. ते बाईंचे जुने विरोधक. वाफा म्हणजे नुसतं खेळणं आहे, असं ते बैठकीत उघड म्हणायचे. आताही शब्द मागे घेतला नाही. उलट, या खेपेला समितीने नळीतलं पाणी न तपासता खुद्द वाफा खणून तपासावा, ही मागणी आपण केली आणि ती मान्यही झाली, हे त्यांनी मिशीत हसत सांगितलं. आपल्यावर संशय आहे, हे त्यांना ठाऊक होतं. विद्यापीठात कुणी त्यांच्याशी धड बोलतही नव्हतं.

बाईंची संशोधक विद्यार्थिनी प्रयोगशाळेत होती. रडून तिचे डोळे सुजले होते. प्रबंध जवळजवळ पुरा झाला होता. पाण्याचे नमुने ती नेहमी तळ्यात पडणाऱ्या नळीशीच घ्यायची. निकाल इतके चांगले की बाहेरच्यांना खरे वाटायचे नाहीत.

"सुट्टीत काय करायचीस? वसतिगृह तर रिकामं असतं," टिटवीने विचारलं.

सुट्टीतही ती यायची. मासे सांभाळायला कुणीतरी हवं ना. तळं मात्र कायम काठोकाठ असायचं, असं ती अभिमानाने म्हणाली.

शेवटी इंजिनीअर. मृदू आवाजाचा, थकलेला माणूस. बोलताना त्यांची नजर सारखी बायकोच्या टेबलाकडे जात होती. वाफा बाईंनी कल्पिला, बांधला त्यांनी. आपल्याला अर्थतज्ज्ञाचाच संशय येतो, असं त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. त्या लोखंडी झाकणाखाली पाण्याचे व्हॉल्व्ह आहेत, पण वाफा बांधला तेव्हापासून ते उघडलेलं नाही. किल्ली आपल्याकडेच असते. आता ते गंजून बसलं असेल.

मास्तरांनी नकळत पँटवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी टिटवीने सगळ्यांना केंद्राच्या बैठकीच्या खोलीत बोलावलं. बाई आणि इंजिनीअर शेजारी बसले. अर्थतज्ज्ञ खिडकीशी, विद्यार्थिनी दाराजवळ.

"लव्हाळी का मेली, ते कळलं. मीठ टाकलं म्हणून," टिटवी म्हणाली. "मला कोडं पडलं ते वेगळंच. मासे का मेले नाहीत?"

तिने वाफ्यातला पांढरट खडा टेबलावर ठेवला.

"वाफ्यात एवढं मीठ ओतलं, तर ते नळीतून तळ्यात उतरायला हवं. पण तळ्याचं पाणी गोडं आहे. वसतिगृह रिकामं असतं, तेव्हाही तळं काठोकाठ असतं. याचा अर्थ तळ्यात पडणारं पाणी वाफ्यातून येतच नाही. ते पिण्याच्या पाण्याच्या लाइनीतून येतं."

विद्यार्थिनीने दाराची चौकट धरली.

"आता मीठ कुणी टाकलं ते बघू. अर्थतज्ज्ञांना वाफा खणायलाच हवा होता. खणण्याआधी तो मारून त्यांच्या हाती काय लागणार? बाई आणि ही मुलगी, दोघींना वाटत होतं वाफा पास होईल. त्या तरी कशाला मारतील? मेलेला वाफा तपासता येत नाही, आणि तो तपासला जायला नको होता फक्त एकाला. तो नापास होणार हे ज्याला आधीच ठाऊक होतं, त्याला. गंजलेल्या झाकणाला ताजं ग्रीस कोण लावतं, इंजिनीअरसाहेब?"

इंजिनीअरांनी नाकारलं नाही. कोणी आपली सुटका केल्यासारखे ते सैल पडले आणि बायकोकडे वळून बोलू लागले.

पहिलं वर्ष वाफा चांगला चालला. मग साबणाच्या गाळाने खडी तुंबली, पाणी घाण यायला लागलं. त्याच दिवसांत बाईंचा सत्कार व्हायचा होता. दुरुस्ती होईपर्यंत, आठवडाभरासाठी म्हणून इंजिनीअरांनी वसतिगृहाचं पाणी परस्पर गटारात सोडलं, लव्हाळी हिरवी राहतील इतकीच धार वाफ्यात ठेवली आणि तळ्याला पिण्याची लाइन जोडली. मग पाहुणे आले, निबंध छापून आले, अभ्यासक्रम उभा राहिला. परतायला वाट राहिली नाही.

"मेलेल्या वाफ्याला कुणी खोटं म्हणालं नसतं," ते म्हणाले. "तुझं नाव राहिलं असतं."

"आणि यांचं गेलं असतं," बाईंनी अर्थतज्ज्ञांकडे बोट केलं. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुंबला तेव्हा मला का नाही सांगितलंस?"

"तू किती खूश होतीस."

"का तुंबला, हेच तर शोधायचं होतं रे. तोच माझा विषय होता. एवढी वर्षं मी त्यावर घालवली असती." बाईंनी विद्यार्थिनीकडे पाहिलं. "मी नळाचं पाणी तपासत बसले. पोरींना तेच शिकवलं."

विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, मी आता काय करू?"

बाई उठून तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. अर्थतज्ज्ञ जिंकले होते, पण ते खाली बघत बसले.

समितीपुढे बाईंनी स्वतःच सगळं सांगितलं. निबंध मागे घेतले. अभ्यासक्रम बंद झाला. तो चालू ठेवा, ही चूकच मुलांना शिकवा, असं एकटे अर्थतज्ज्ञ भांडले. त्यांचं कुणी ऐकलं नाही.

पुढे काही महिन्यांनी टिटवी आणि मास्तरांना ती विद्यार्थिनी बाजारात भेटली. दुसऱ्या विभागात तिने पहिल्यापासून सुरुवात केली होती. मास्तरांनी बाईंची चौकशी केली.

बाई आता फक्त पहिल्या वर्षाला शिकवतात, ती म्हणाली. इंजिनीअरांनी नोकरी सोडली. पण रोज संध्याकाळी ते विद्यापीठाच्या फाटकाशी गाडी घेऊन उभे असतात. बाई त्यांच्यासमोरून चालत घरी जातात.

"वेगळ्या राहतात का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "त्याच घरी जातात."