चिप नसलेली चावी

प्रतिभाने चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, दोन सेकंद घरघरलं आणि गप्प झालं. पुन्हा फिरवली... पुन्हा तेच. डॅशबोर्डवर चावीचं एक बारीकसं लाल चित्र लुकलुकत राहिलं.

२००८ सालच्या एप्रिलमधली सकाळ. हीच गाडी मखमलाबादहून मुंबई नाक्यापर्यंत निमूट आली होती. प्रतिभा थांबली होती ती फक्त चावीवाल्याच्या टपरीवर चावीचं तडकलेलं कव्हर बदलून घ्यायला. मागच्या सीटवर तिच्या पॉलिहाऊसमधली चारशे जरबेराची फुलं होती आणि बारापर्यंत ती घोटीच्या लग्नमंडपात पोचायला हवी होती.

शेजारच्या गॅरेजमधल्या सहादूमामांनी बॅटरी तपासून मान हलवली. "हे माझ्या हातचं नाय, पोरी. आहेर नावाचा पोरगा हाय, त्याला बोलवतो."

वीस मिनिटांनी बाइकवरून एक उंच तरुण उतरला. इस्त्रीचा निळा शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग. त्याने बॉनेटकडे बघितलंसुद्धा नाही.

"चावी द्या," तो म्हणाला आणि ती उलटीपालटी करत त्याने विचारलं, "कव्हर आजच बदललंत?"

"तुम्हाला कसं—"

"आतली चिप जुन्या कव्हरात राहिली असणार. तिच्याशिवाय गाडी चावीला ओळखत नाही."

जुनं कव्हर टपरीखाली सापडलं. पण पक्कडीने उघडताना चिपचे दोन तुकडे झाले होते. प्रतिभाने घड्याळाकडे बघितलं.

"नवी चिप घालतो आणि गाडीला तिची ओळख करून देतो. अर्धा तास."

"इतक्या लवकर नवी ओळख होते?"

"गाडीची होते," तो म्हणाला. "माणसांचं मला सांगता येणार नाही."

चेहरा गंभीर, पण डोळ्यांत हसू. प्रतिभाने उगाचच ओढणी सावरली आणि बाटलीतलं पाणी फुलांवर शिंपडू लागली.

"आरसी बुक आणि लायसन्स दाखवा. त्याशिवाय मी कुणाला चावी करून देत नाही."

"मी चोर वाटते तुम्हाला?"

"वाटत नाही, म्हणून तर जास्त काळजी."

ती हसली. लायसन्स त्याच्या हातात दिलं. त्याने ते वाचलं... आणि हसू एकदम मावळलं.

"प्रतिभा धोंडीराम काकड," तो हळूच म्हणाला. "लंकाबाई तुमच्या कोण?"

"आत्या. का?"

तो स्टिअरिंगखाली वाकून वायर जोडू लागला. तिच्याकडे न बघताच बोलला. "त्यांनी फेब्रुवारीत मनमाडचं एक स्थळ आणलं होतं. जयराम आहेर, गाड्यांचं काम करणारा. तुम्ही म्हणालात, ज्याच्या नखांत ऑइल, त्याच्या हातचा चहा मी जन्मभर पिणार नाही. फोटोचं पाकीट न उघडताच परत आलं."

बाटली तिच्या हातातून निसटली. पाणी चपलांवरून वाहत गेलं, तरी तिला पाय हलवायचं सुचलं नाही. स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता, हसत हसत बोललेलं वाक्य होतं ते! तिची नजर त्याच्या बोटांवर गेली. नखं स्वच्छ, नीट कापलेली. तिचे कान तापले.

"आत्यानं हे... जसंच्या तसं सांगितलं?"

"जसंच्या तसं. माझ्या आईला फार लागलं."

"आणि तुम्हाला?"

त्याने लॅपटॉपची एक कळ दाबली. "मला वाटलं, मुलगी निदान मनातलं बोलते."

त्याने चावी फिरवली. लाल चित्र विझलं. इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं.

"चुकलं माझं," ती कशीबशी म्हणाली.

"निघा. फुलं सुकतील."

फुलं वेळेत पोचली. परतताना गाडी घराकडे वळायची, ती वळली शरणपूर रोडला, सकाळच्या बिलावरच्या पत्त्यावर. जयरामच्या दुकानासमोर दुसरी एक गाडी उभी होती आणि तो मांडीवर लॅपटॉप घेऊन आत बसला होता. तिला बघून तो गडबडीने बाहेर आला.

"पुन्हा बंद पडली?"

"नाही. माफी मागायला आलेय."

"सकाळी मागितलीत की."

"ती घाईतली होती. आणि तुमच्या आईंची राहिलीच. मनमाडला कधी जाता?"

"रविवारी." तो अडखळला. "तिथून... मालेगावला जायचंय. मुलगी बघायला."

सकाळच्या धक्क्यातून ती अजून सावरली नव्हती, त्यात हा दुसरा. मग तिच्याच तोंडून आलेले शब्द तिने ऐकले.

"जाऊ नका."

जयराम बघतच राहिला. "का?"

"घोटीला मी फुलं कुणाच्या ताब्यात दिली, मला आठवत नाहीये. सकाळपासून माझं हे असं चाललंय..." तिने त्याच्याकडे बघितलं. "तुमच्यामुळे."

रस्त्यावरून दोन रिक्षा गेल्या. जयरामने खिशातून मोबाइल काढला. नंबर एकदा चुकला, त्याने पुन्हा लावला.

"आई, मालेगावच्या लोकांना नको म्हणून कळव... अगं नाही, तब्येत बरी आहे... बघायला जायचंय ना. मखमलाबादला."

पलीकडून काहीतरी विचारलेलं प्रतिभालाही अस्पष्ट ऐकू आलं.

"हो, तीच," जयराम म्हणाला आणि त्याने फोन तिच्यापुढे धरला.

प्रतिभाने तो दोन्ही हातांनी घेतला.

"काकू... मी प्रतिभा बोलतेय."