दहापर्यंतची गणती

धनराज गुरुजी जिना चढून सुगंधाबाईंच्या खोलीत आले, तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

"बाई, परवा दिवेलागणीला आमच्या जीपनं आरमोरी रस्त्यावर बिरजूला उडवलं. त्याचा पाय मोडला. चालवणारा थांबलाही नाही. उद्या पोलीस आमच्या ड्रायव्हरला, झाडूला नेणार. तो म्हणतो, मी नव्हतोच."

"किल्ली कुठं होती?"

"पेटीत, आकड्यांच्या कुलपात. झाडूनं परत दिली आणि मी लगेच ठेवली. आकडा फक्त मला माहीत."

"एवढी कुलपात काऊन?" वारलूभाऊंनी विचारलं. एसटीतून निवृत्त झालेले हे कंडक्टर बाईंच्या प्रत्येक तपासात सोबत असत.

गुरुजी घुटमळले. "मुलगा पितो आणि गाडी काढतो."

ब्रह्मपुरीतल्या आपल्या घरी, ओसरीवर, गुरुजींनी पेटी कशी लावतात ते करून दाखवलं. सगळ्यांकडे पाठ केली, भिंग धरलं, आणि चाकं फिरवताना पुटपुटले, "क्वारत्सेंत ओकदेक सेप."

"हे काय?"

"चारशे सत्त्याऐंशी. पुटपुटल्याशिवाय बोटं चालत नाहीत. म्हणून एस्पेरान्तोत. साऱ्या जगाला सोपी जावी म्हणून मुद्दाम बनवलेली भाषा. चाळीस वर्षं शिकवत आलो."

सुगंधाबाई हसल्या. "सत्त्याऐंशी! उजळणीत ऐंशीचं घर आलं की मी अडखळायचीच. नव्वदपर्यंत पोचेस्तोवर हात लाल. शंभर आकड्यांची शंभर नावं. शेजारचं येतं म्हणून पुढचं येत नाही."

अपघाताच्या संध्याकाळी गुरुजींनी किल्ली ठेवली, तेव्हा ओसरीवर झाडू आणि त्यांचा मुलगा असे दोघंच होते. झाडू हात जोडूनच बोलला. "बाई, मले त्या भाषेतला एकबी आकडा येत नाई. कामाले लागून महिनाच होऊन राह्यला."

"त्याला मी काहीच शिकवलेलं नाही," गुरुजी म्हणाले.

मुलगा प्रफुल खांबाला टेकून उभा होता. "बाबाची गिटपिट? लहानपणी एक ते दहा शिकवलं, अन् शंभर. बस्स! पुढचं शिकलोच नाई. इचारा त्यायले."

गुरुजींनी होकारार्थी मान हलवली, पण वर पाहिलं नाही.

"झालं," वारलूभाऊ बाईंच्या कानाशी लागले. "एकाले काईच येत नाई, दुसऱ्याची गणती दहावरच अडली. सत्त्याऐंशी समजंन कोणाले?"

"गुरुजी, प्रफुलला शिकवलेत तेवढेच शब्द वारलूभाऊंना शिकवा. एकही जास्त नको."

चहा होईपर्यंत वारलूभाऊ "उनु, दू, त्री, क्वार" घोकत होते. प्रफुल म्हणाला, "भाऊ, आता तुमी विलायतेतबी तिकिटं फाडसान!" कोणी हसलं नाही.

"आता नवा आकडा लावा," बाई म्हणाल्या.

गुरुजींनी पाठ केली आणि चाकं फिरवली. "त्रित्सेंत नाउदेक सेस."

वारलूभाऊंनी पेटी पुढ्यात ओढली. "तीन-शंभर... नऊ-दहा... सहा. अरे! तीन, नऊ, सहा." कुलूप खटकन उघडलं.

"पाहिलंत? आपल्याकडे शहाण्णव वेगळं पाठ करावं लागतं," सुगंधाबाई म्हणाल्या, "म्हणून 'दहापर्यंतच येतं' म्हटलं की आपण विश्वास ठेवतो. या भाषेत नऊ-दहा म्हणजे नव्वद, त्यापुढं सहा. दहा शब्द आणि शंभर आले की कुलपाचा कुठलाही आकडा कळतो. आकडा चोरून पाहता येत नव्हता, कुलूप फोडलेलं नव्हतं. ऐकूनच उघडलं. ऐकणारे दोघं होते आणि शब्द एकालाच येत होते."

प्रफुल खांब सोडून पुढं आला. "बिरजू सायकलवर होता. मले दिसलाच नाई. पेलो होतो... भेव वाटलं, म्हणून थांबलो नाई."

"पन हे तं गुरुजीले आधीच समजाले पाह्यजे होतं," वारलूभाऊ म्हणाले.

"समजलं होतं," बाई हळूच म्हणाल्या. "गणती त्यांनीच शिकवली आहे."

गुरुजींनी चष्मा काढला. डोळे लाल होते. "माझ्या तोंडून निघत नव्हतं. म्हणून तुमच्याकडं आलो. आयुष्यभर यानं माझ्या भाषेची टिंगल केली. मला वाटायचं, काहीच राहिलं नसेल डोक्यात."

त्यांनी पेटीतली किल्ली काढली आणि झाडूपुढं धरली. "झाडू, गाडी काढ. आधी बिरजूकडं, मग ठाण्यात. आम्ही दोघं मागं बसतो."

झाडूनं हात पुढं केला नाही.

"गुरुजी, काल तुमीच मले देवाची शपथ घ्याले लावली," तो म्हणाला. "तवाबी तुमाले मालूम होतं?"

गुरुजींचा हात तसाच पुढं राहिला.