पाठमोरा ओन्नी

"ओन्नी, मान वर ठेव... चकतीकडे नको, समोर बघ!"

वडिलांचा तो आवाज लहानपणापासून आर्मसच्या कानात गोठून राहिला होता. घरामागच्या अंगणात पाइपने पाणी सोडून ते बर्फ धरवायचे, आणि त्या बर्फावर चकतीची हॉकी खेळणाऱ्या धाकट्याच्या मागेमागे त्यांचा जीव घुटमळायचा. थोरल्याच्या वाट्याला एवढंच यायचं, "आर्मस, फावडं घे." हिम लोटता लोटता तो वाट बघायचा... कधीतरी आपल्याही नावाने अशी कासावीस हाक येईल. हाक आली नाही. तिच्या जागी मत्सर धरला, आणि दर हिवाळ्यात थरावर थर चढत जाड झाला.

आज दोघे भाऊ दोन कॉलेजांकडून समोरासमोर होते. हरेल त्याचा हंगाम संपणार. आर्मसचं तर शेवटचं वर्ष, त्याची हॉकीच संपणार. तरी मैदानाभोवतीच्या कठड्यावरच्या काचेपलीकडे वडील बसले ते ओन्नीच्या कॉलेजची टोपी घालून! ती टोपी दिसली आणि आर्मसच्या अंतःकरणात विस्तव पडला. जवळून जाताना ओन्नी म्हणाला, "दादा, जरा बेतानं हं. आईनं खिमा भरलेल्या पेस्टी केल्यात, मला दातांनी खायच्यात."

आर्मस हसला नाही.

बरोबरी होती, खेळ संपत आला होता. चकती कोपऱ्यात घरंगळली. ओन्नी धावला, कठड्याशी वाकला... पाठमोरा, मान खाली. मागून आर्मस भरवेगात. पाठमोऱ्याला कठड्यावर आपटणं हे पाप, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. शेजारच्या गावचा एक मुलगा तसा आदळला, तो आजही चाकांच्या खुर्चीत आहे. पण एक खांदा लागला की चकती आपली, सामना आपला... आणि बाबांचा लाडका आडवा!

खांदा त्याने उचललाही. आणि त्याच्याच कंठातून ती जुनी हाक फुटली, "ओन्नी, मान वर!"

ओन्नी दचकून बाजूला सरकला. स्केटची पाती आडवी रोवत आर्मस एकटाच कठड्यावर आदळला. तो उठेपर्यंत ओन्नीने चकती सोबत्याकडे दिली होती, आणि गोल झाला होता.

आर्मसचा कप्तान जाता जाता एवढंच म्हणाला, "घरच्या मिठाला जागलास." मग दोन्ही संघांची हात मिळवायची रांग लागली. ओन्नीने हात सोडून गळ्यालाच मिठी मारली. "दादा, मला वाटलं बाबाच ओरडले."

"वाटणारच," आर्मस कोरडेपणाने म्हणाला.

बाहेरच्या बोळात वडील उभे होते. टोपी मुठीत चुरगळलेली. तो बॅग घेऊन बाजूने निघाला तसा त्यांनी बॅगेचा पट्टा धरला.

"त्याची भीती वाटायची म्हणून ओरडायचो रे. तुझी कधी वाटलीच नाही. तू आहेस ना, तू बघशील सगळं, असं धरून चाललो... सांगायचं मात्र राहून गेलं." त्यांनी पट्टा सोडला नाही. "आज तू खांदा उचललास, तेव्हा पहिल्यांदा तुझी भीती वाटली. तेव्हा मी तुलाच हाक मारली, आर्मस. काचेआड तुला ऐकू आली नसेल."